किल्ली हिर्डोशीतही राहू शकते

“वझीरएक्सवाल्यांकडे हार्डवेअर वॉलेटच होती ना? तरी लुटले गेलेच की!”

क्रिप्टोचा विषय निघाला की हे वाक्य हल्ली हमखास ऐकू येतं. बोलणारे बहुधा शिकलेसवरलेले असतात. कुणी कर सल्लागार, कुणी बँकेतून निवृत्त झालेले, कुणी हिंजवडीत नोकरीला. पुढचं वाक्यही ठरलेलंच. मुंबईतल्या एवढ्या मोठ्या कंपनीला जे जमलं नाही, ते गावाकडच्या माणसाला काय जमणार? रेंज नाही, इंग्रजीची बोंब, घरात चार माणसांची ये-जा. त्यापेक्षा नाणी एक्सचेंजवरच राहू द्या, त्यांची माणसं आहेत सांभाळायला.

गावाकडचा माणूस म्हणजे नेमका कुठला, हे ठरवून घेतलेलं बरं, नाहीतर वाद हवेत होतो. मी हिर्डोशी घेतो. भोरहून वरंध घाटाकडे जाणारा रस्ता नीरा-देवघर धरणाच्या पाण्याच्या कडेनं जातो, तिथलं हिरडस मावळातलं हे गाव. पाऊस धो धो, भिंतींना चार महिने ओल, आणि कमावती पोरं मुंबई-पुण्याला. युक्तिवाद करणाऱ्यांना हवी असलेली सगळी गैरसोय इथे आयती मिळते. अशा गावात घर असलेल्या माणसाला आपली नाणी आपल्या ताब्यात ठेवता येतील का? माझं उत्तर ‘येतील’ असं आहे, आणि वझीरएक्सचा दाखला त्या उत्तराच्या विरोधात जात नाही, बाजूनं जातो.

आधी एक गोष्ट स्वच्छ सांगतो. क्रिप्टो घ्या, असा सल्ला मी देत नाही. पोराच्या शिक्षणाचे किंवा जमीन विकून आलेले पैसे त्यात घालणाऱ्याचा हात धरावा, याच मताचा मी आहे. पण ज्यांनी घेतलंय त्यांनी घेतलंय. ते कुठे ठेवायचं हा वेगळा प्रश्न आहे, आणि पहिल्या प्रश्नावरचा राग दुसऱ्यावर काढण्यात काही हशील नाही.

आता वझीरएक्स, म्हणजे क्रिप्टोची खरेदी-विक्री करून देणारं भारतीय एक्सचेंज. १८ जुलै २०२४ रोजी त्यांच्या एका वॉलेटमधून सुमारे २३ कोटी डॉलरची, म्हणजे जवळपास दोन हजार कोटी रुपयांची नाणी गेली. कंपनीकडे ग्राहकांची जी काही नाणी होती त्यातली ही जवळजवळ निम्मी. त्या वॉलेटवर सहा जणांचा सहीचा अधिकार होता. पाच वझीरएक्सचे, एक लिमिनल या सांभाळ करणाऱ्या कंपनीचा. नाणी हलवायला वझीरएक्सच्या तिघांच्या सह्या लागत आणि वर लिमिनलची शेवटची. ते तिघेही लेजर कंपनीची हार्डवेअर वॉलेट वापरत होते, हे वझीरएक्सनंच जाहीर केलं. इथवर आपले शिकलेले मित्र बरोबर आहेत.

पण त्याच निवेदनातलं पुढचं ते सांगत नाहीत. वझीरएक्सच्या म्हणण्यानुसार लिमिनलच्या पडद्यावर जो व्यवहार दिसत होता आणि प्रत्यक्षात ज्यावर सह्या झाल्या, त्यात फरक होता. लिमिनलनं दोष आपल्याकडे घेतला नाही, वझीरएक्सनंही नाही. ते भांडण बाजूला ठेवू. सातच महिन्यांनी, २१ फेब्रुवारी २०२५ रोजी, दुबईच्या बायबिट एक्सचेंजवर तसाच, पण कितीतरी मोठा दरोडा पडला. सुमारे दीडशे कोटी डॉलर. तिथला तपास जास्त उघडपणे झाला. सह्या गोळा करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या एका प्रोग्रॅमरचं यंत्र चोरांनी आधी ताब्यात घेतलं, पडद्यावर नेहमीचा व्यवहार दाखवला आणि सहीला मात्र वॉलेटची मालकीच फिरवणारा मजकूर पुढे केला. सह्या करणाऱ्यांच्या हातातल्या छोट्या उपकरणावर त्या मजकुराचा अर्थ लावता येत नव्हता. तरी त्यांनी बटण दाबलं. दोन्ही दरोड्यांमागे उत्तर कोरियाचे हॅकर असल्याचं अमेरिकेनं जाहीरपणे सांगितलं आहे.

हार्डवेअर वॉलेट करतं काय? त्याच्या आत नाणी नसतात. नाण्यांची नोंद जगभरातल्या हजारो संगणकांवर असते. उपकरणाच्या आत असते ती एक प्रचंड मोठी गुप्त संख्या, तीच किल्ली. व्यवहाराचा मजकूर केबलमधून आत जातो, आत त्यावर सही होते, आणि सही तेवढी बाहेर येते. किल्ली बाहेर येत नाही. तुमचा संगणक व्हायरसनं भरलेला असला तरी येत नाही. बायबिटच्या सहीदारांच्या उपकरणांनी हे काम चोख केलं. सहीचा मजकूर वाचायचं काम माणसाचं होतं, ते राहिलं. न वाचता कागदावर अंगठा उठवून जमीन गमावलेल्या आजोबांची गोष्ट मावळात प्रत्येक भावकीत एक तरी सापडेल. तिथे दोष अंगठ्याला कुणी दिला नाही.

मग हिर्डोशीच्या माणसाला यातून काय घ्यायचंय? त्याला कुणाच्या सहा सह्या जुळवायच्या नाहीत. त्याच्याकडे थोडं बिटकॉइन आहे, ते वर्षानुवर्षं पडून राहणार आहे आणि कधीतरी विकायचं आहे. साध्या पाठवणीत उपकरणाच्या पडद्यावर मुख्य दोन गोष्टी दिसतात, किती जातंय आणि कुठल्या पत्त्यावर. त्या फोनवर नाही, उपकरणावरच वाचायच्या. पत्ता पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत. पडद्यावर वाचता न येणारा मजकूर आला किंवा ‘न पाहता सही चालू करा’ अशी काही सूचना आली, तर केबल काढायची. बायबिटच्या दरोड्याला एका घरगुती माणसाचं उत्तर एवढंच आहे. ज्याला याहून जास्त खटपट करायची आहे, व्याजाच्या नादानं कुठल्या तरी परदेशी संकेतस्थळाला वॉलेट जोडायचं आहे, त्याचं काय होईल ते मी सांगू शकत नाही.

आता शिकलेल्या मित्रांच्या दुसऱ्या वाक्याकडे वळू: एक्सचेंज सांभाळेल. दरोड्यानंतर वझीरएक्सनं पैसे काढणं थांबवलं. ज्यांच्या नाण्यांना चोरांनी हातही लावला नव्हता, त्यांचीही नाणी अडकली, कारण चोरी कंपनीची झाली आणि तोटा सगळ्यांत वाटायचं ठरलं. मग कळलं की प्रकरण मुंबईतल्या न्यायालयात नाही, सिंगापूरच्या उच्च न्यायालयात चालणार, कारण मूळ कंपनी तिथे नोंदलेली. साताऱ्या-सांगलीच्या माणसानं ऑनलाइन मतदानात भाग घ्यायचा, इंग्रजीतले शेकडो पानांचे कागद वाचायचे. व्यवहार पुन्हा सुरू झाले ते २०२५च्या ऑक्टोबरात. मधल्या सव्वा वर्षात बाजार कुठून कुठे गेला. जुलै २०२५मध्ये कॉइनडीसीएक्स या दुसऱ्या भारतीय एक्सचेंजच्या एका अंतर्गत खात्यातून ४.४ कोटी डॉलर गेले. त्या कंपनीनं तोटा स्वतःच्या गंगाजळीतून भरला, ग्राहकांना तोशीस लागली नाही. हे चांगलंच झालं. पण ती कंपनीची दानत होती. बँकेतल्या पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विमा असतो तसला काही कायदा तिच्या पाठीशी नव्हता.

आणखी एक उदाहरण पुण्यातलंच आहे, पण ते फारसं कुणी काढत नाही. अमित भारद्वाजच्या गेनबिटकॉइन योजनेनं महिन्याला १० टक्के परतावा १८ महिने देऊ असं सांगून देशभर पैसा गोळा केला. २०१८मध्ये पुणे पोलिसांनी त्याला पकडलं. तपास तांत्रिक, म्हणून पोलिसांनी बाहेरचे दोन जाणकार मदतीला घेतले, त्यातला एक तर माजी आयपीएस अधिकारी. २०२२च्या मार्चमध्ये पुणे पोलिसांनी त्याच दोघांना अटक केली. आरोप असा की तपासात हाती आलेल्या वॉलेटमधली नाणी त्यांनी स्वतःकडे वळवली. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. भारद्वाज त्याआधी जानेवारीत वारला होता, आणि त्याच मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाला सांगावं लागलं की वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड ईडीला द्या. देशाचं सर्वोच्च न्यायालय, हाताशी सक्तवसुली संचालनालय, आणि तरी गोष्ट अडते ती किल्ली कुणाकडे आहे इथे. तुमची किल्ली दुसऱ्याकडे असेल तर तुम्ही त्या रांगेत शेवटचे.

या वादात कॅनडाच्या क्वाड्रिगा एक्सचेंजचीही आठवण निघते. तिचा मालक जेराल्ड कॉटन डिसेंबर २०१८मध्ये भारतात आला असताना जयपूरला वारला. किल्ल्या त्याच्या एकट्याच्या लॅपटॉपवर होत्या आणि त्या त्याच्याबरोबर गेल्या, असं ग्राहकांना सांगण्यात आलं. बघा, स्वतःजवळ किल्ली ठेवली की असं होतं, असा त्यातून अर्थ काढतात. अहो, ती ग्राहकांची किल्ली होती, आणि ती त्यांनी दुसऱ्याकडे ठेवली होती! पुढे ऑन्टॅरिओच्या नियामक मंडळाच्या चौकशीत निघालं की बरीचशी रक्कम कॉटननं जिवंतपणीच खोट्या खात्यांवरून उडवली होती. किल्ली हरवल्याची नुसती आवई.

इथवर माझं एकतर्फी झालं. विरोधकांच्या म्हणण्यात जो खरा भाग आहे त्याकडे आता येतो, आणि त्यावरच जास्त बोलणार आहे. हार्डवेअर वॉलेट घेऊन नाणी गमावणारी माणसं खूप आहेत. त्यांच्यातल्या फार थोड्यांच्या उपकरणावर कुणी हल्ला केलेला असतो. बहुतेकांचं नुकसान ठरतं ते पहिल्याच दिवशी, खोकं उघडल्यापासून नाणी वर जाईपर्यंतच्या दोन-तीन तासांत.

खोक्यापासून धरू. उपकरण कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्यावं, नाहीतर कंपनीनं नाव दिलेल्या विक्रेत्याकडून. ओळखीच्या पोरानं वापरलेलं, स्वस्तातलं, सेलमधलं, काही नको. जुनी आणि अजून चालणारी चोरी अशी: खोक्यात सुबक छापील कार्ड निघतं, त्यावर २४ शब्द आधीच दिलेले असतात, ‘हे तुमचे शब्द, जपून ठेवा’. माणूस खूश होतो, वाचला म्हणतो लिहायचा त्रास. ते शब्द चोराकडेही असतात. नव्या उपकरणात पिन नसतो, शब्द नसतात, काही नसतं. तुमच्यासमोर ते शब्द तयार करतं. आधीच भरलेलं काहीही आलं तर खोकं बंद करून परत. उपकरण अस्सल आहे का ते कंपनीचं ॲप तपासून सांगतं, पण ते ॲपही कंपनीच्या पत्त्यावरूनच उतरवायचं. गूगलवर शोधून पहिल्या जाहिरातीवर बोट ठेवायचं नाही. २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत दुकानात लेजरच्या नावाचं खोटं ॲप ठेवलेलं होतं आणि लोकांची १६ हून जास्त बिटकॉइन त्यानं गिळली. मायक्रोसॉफ्टच्या दुकानात! तेव्हा ‘अधिकृत दुकानातून घेतलं’ यावरही थांबता येत नाही.

मग शब्द. यंत्र एकेक करून १२ किंवा २४ इंग्रजी शब्द दाखवतं. ते २,०४८ शब्दांच्या ठराविक यादीतले असतात, आणि त्यांचा क्रम हीच तुमची खरी मालमत्ता. उपकरण विहिरीत पडलं तरी चालेल, दुसरं आणून त्यात शब्द घातले की नाणी परत समोर. आणि शब्द ज्याच्या हाती लागले त्याला उपकरण लागतच नाही. पिन चुकत राहिला की उपकरण स्वतःला पुसून टाकतं, लेजर तीन चुकांनंतर, ट्रेझर हे दुसऱ्या कंपनीचं उपकरण त्याहून जास्त चुकांनंतर. शब्दांना असलं काही संरक्षण नसतं. तिथे शहरातला माणूस हमखास करतो ती चूक म्हणजे फोटो. घेतला फोटो, गेला गूगल फोटोजवर, तिथून टॅबवर, बायकोच्या फोनवर. २०२५च्या फेब्रुवारीत कॅस्परस्की कंपनीनं स्पार्ककॅट नावाचा किडा उघडकीला आणला. ॲपल आणि गूगलच्या दुकानांतल्या काही ॲपमध्ये लपून तो गॅलरीतल्या फोटोंतला मजकूर वाचायचा, आणि नेमके हेच शब्द शोधायचा. स्वतःलाच व्हॉट्सॲप करून ठेवणारे, ईमेलच्या ड्राफ्टमध्ये टाकणारे, हे सगळे त्याच माळेतले. इथे हिर्डोशीचा माणूस उलट सोयीत आहे. शब्द तयार करायला उपकरणाला इंटरनेट लागत नाही. फोन बाजूच्या खोलीत, दार लावलेलं, हातात पेन. ॲप आणि नवं फर्मवेअर भोरला असताना उतरवून घ्यावं, म्हणजे घरी रेंज नसली तरी चालतं, किंबहुना नसलेली बरी.

पावसाचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य. खोक्यात मिळणारं कार्ड हिरडस मावळातल्या तीन पावसाळ्यांत टिकेल यावर मी पैज लावणार नाही. ओल, वाळवी, ट्रंकेत शिरणारे उंदीर, चुलीचा धूर, शाई पसरणं. शब्द धातूवर हवेत. परदेशात त्यासाठी स्टीलच्या महागड्या पट्ट्या मिळतात. आपल्याकडे लग्नाच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत घरोघर आहे, मांडणीवरच्या प्रत्येक डब्यावर कुणाचं ना कुणाचं नाव. तेच तंत्र वापरायचं, फक्त भांडीवाल्याकडे न्यायचं नाही, कारण मग शब्द त्याला कळले. हार्डवेअरच्या दुकानात अक्षरांचे पोलादी ठसे मिळतात, हातोडी घरात असतेच. जाड स्टीलची पट्टी घ्या आणि प्रत्येक शब्दाची पहिली चार अक्षरं ठोका. यादीच अशी केली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द चुकत नाही. शब्दाआधी क्रमांक घालायला विसरू नका.

इंग्रजीची बोंब, असंही म्हणतात. या यादीच्या अधिकृत आवृत्त्या जपानी, कोरियन, चेकसुद्धा आहेत. मराठी नाही, हिंदी नाही, एकही भारतीय भाषा नाही, आणि याबद्दल कुणीतरी ओरडायला हवं. पण इथे शब्दांचा अर्थ कळावा लागत नाही. मुळाक्षरं ओळखून उतरवून काढायची आहेत. महाराष्ट्रात २००० सालापासून जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीपासून इंग्रजी आहे. त्या वर्षी पहिलीत गेलेला पोरगा आज तिशी ओलांडून गेलाय. एकच पथ्य. सोपं जावं म्हणून देवनागरीत लिहून ठेवू नका. यादीत अंगावर घालणं या अर्थाचा एक शब्द आहे आणि ‘कुठे’ या अर्थाचा दुसरा. दोन्ही आपण ‘वेअर’च लिहू, आणि दहा वर्षांनी कुठला होता ते आठवणार नाही.

आता ती पायरी, जी माझ्या पाहण्यातले नव्वद टक्के लोक गाळतात, आणि सल्ला देणारे तर हटकून. शब्द ठोकून झाले. वॉलेटवर अगदी थोडी रक्कम पाठवा, शे-दोनशे रुपयांची. आली? मग उपकरण मुद्दाम पुसून टाका. हो, पुसून टाका. आणि पट्टीवरून वाचत शब्द परत घाला. तीच रक्कम, तोच पत्ता परत दिसला तर पट्टी बरोबर आहे. नाही दिसला तर चूक शे-दोनशे रुपयांत कळली. बँकेत लॉकर घेतल्यावर किल्ली लागते का ते न पाहता दागिने आत टाकणारा माणूस मी पाहिलेला नाही. इथे मात्र लाखो रुपये वर गेल्यावर पाच वर्षांनी लोक पहिल्यांदा शब्द घालून बघतात. आणि प्रत एकच असली तर काय होतं तेही बघा. वेल्समधल्या न्यूपोर्टचा जेम्स हॉवेल्स, २०१३मध्ये हार्डडिस्क कचऱ्यात गेली, तिच्यात सुमारे आठ हजार बिटकॉइनची किल्ली. कचराडेपो खणू द्या म्हणून तो कोर्टात गेला, २०२५च्या जानेवारीत न्यायाधीशांनी दावा फेटाळला. त्याची दुसरी प्रत नव्हती, बस. तेव्हा पट्ट्या दोन करा. एक गावच्या घरात, दुसरी वेगळ्या छपराखाली.

इथे एक हुशारी सुचते: अर्धे शब्द गावाला, अर्धे मुंबईच्या खोलीवर. करू नका. यातला एक अर्धा हरवला की दुसरा भंगार, म्हणजे हरवायची भीती निम्मी होण्याऐवजी दुप्पट होते. पंचविसावा शब्द म्हणून स्वतःचा एक जादा पासफ्रेज घालायची सोय असते. तिचा उपयोग खरा आहे. २०२०मध्ये क्रॅकेन या एक्सचेंजच्या तंत्रज्ञांनी दाखवून दिलं होतं की ट्रेझरचं त्या काळचं उपकरण प्रत्यक्ष हातात मिळालं तर थोड्या वेळात त्यातून शब्द काढता येतात, आणि असा पासफ्रेज असला तर ते निष्फळ ठरतं. पण तो विसरलात तर कुणीही मदत करू शकत नाही, ‘फरगॉट पासवर्ड’ नाही. ज्याला एटीएमचा पिनही कागदावर लिहून ठेवावा लागतो त्यानं या वाटेला जाऊ नये.

गावात गुपित राहत नाही, हा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो, आणि नवल म्हणजे तो कुणी घेत नाही. पार्सल आलं की पोस्टमनला कळतं, मग पाराला कळतं. तशी शहरंही वेगळी नाहीत. २०२०मध्ये लेजर कंपनीकडून २ लाख ७२ हजार ग्राहकांची नावं, घरचे पत्ते आणि फोन नंबर फुटले. पुढच्या वर्षी त्यातल्या काहींच्या घरी पोस्टानं नवी कोरी उपकरणं आली, सोबत कंपनीच्या नावाचं पत्र: तुमचं जुनं असुरक्षित आहे, हे वापरा. आत चोरांचं यंत्र. ज्यानं त्यात जुने शब्द घातले तो बुडाला. म्हणून एकच नियम, तोही साधा: शब्द विचारणारा प्रत्येक जण चोर. पत्र आलं, फोन आला, ‘ईडीतून बोलतोय, तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय’ असा व्हिडिओ कॉल आला, कंपनीचं ॲप म्हणालं, तरी चोर. शब्द फक्त उपकरणाच्या अंगावरच्या पडद्यावर घालायचे, कुठल्याच कीबोर्डवर नाही. आणि बढाई मारायची नाही. २०२५च्या जानेवारीत फ्रान्समध्ये खुद्द लेजरच्या एका संस्थापकाला घरातून पळवून नेलं, खंडणीसाठी त्याचं बोट कापलं. पोलिसांनी सोडवला. तिथे असं झालं म्हणून घाबरून जायचं कारण नाही, पण जत्रेत मित्रांसमोर मोबाइल दाखवून ‘इतके झाले बघ’ म्हणायचं टाळता येतं.

करचुकवेगिरीची शंका एका परिच्छेदात निकालात काढतो. घरात वॉलेट म्हणजे काळा पैसा, असं समजणाऱ्यांनी कायदा वाचावा. रिझर्व्ह बँकेचं २०१८चं बंदीवजा परिपत्रक सर्वोच्च न्यायालयानं ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. २०२२च्या अर्थसंकल्पानं नफ्यावर ३० टक्के कर लावला, तोटा वजा करू दिला नाही, आणि १ जुलै २०२२ पासून विक्रीवर १ टक्का टीडीएस आला. विवरणपत्रात त्यासाठी वेगळं परिशिष्ट आहे. नोंदणीकृत भारतीय एक्सचेंजवरून घ्या, पावत्या ठेवा, मग स्वतःच्या वॉलेटवर न्या. ही विक्री नव्हे. बिटकॉइनची प्रत्येक हालचाल जगाला दिसते, त्यामुळे लपवायला याहून वाईट जागा शोधूनही सापडणार नाही. घेण्यापूर्वी एवढं मात्र बघा की ते ॲप नाणी बाहेर नेऊ देतं का. काही भारतीय ॲपनी कित्येक वर्षं ती सोयच ठेवली नव्हती. ग्राहकाच्या पडद्यावर नुसता आकडा, आणि आपले मित्र त्याला ‘सांभाळणं’ म्हणतात.

राहता राहिली वारसाची गोष्ट. मालक गेला तर सातबाऱ्यावर वारस नोंद होते. तलाठी असतो, फेरफार असतो, वाद झाला तर प्रांत आहे, कोर्ट आहे. कागद जळला तरी सरकार दप्तरातून नक्कल देतं. या २४ शब्दांची नक्कल कुठल्याही दप्तरात नाही. एक्सचेंजवर वारसाला निदान मृत्यू दाखला आणि कोर्टाचे कागद घेऊन जायला दार तरी असतं, हे मी मान्य करतो. पण मग त्याचा उपाय घरातच करावा लागतो आणि तो अवघड नाही. मृत्युपत्रात लिहा: अशी नाणी आहेत, उपकरण अमुक कपाटात, पट्टी अमुक ठिकाणी. शब्द लिहू नका. मृत्युपत्र चार जण वाचतात, आणि नोंदवलेलं असेल तर करणारा गेल्यावर त्याची नक्कल निघते. दुसरी पट्टी भोरच्या बँकेच्या लॉकरमध्ये ठेवता येईल, लॉकर बायकोबरोबर जोडनावावर हवा. बँकेचा निष्काळजीपणा किंवा कर्मचाऱ्याची लबाडी झाली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार भरपाई मिळते ती जास्तीत जास्त वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट, तेव्हा लॉकरमधली पट्टी ही दुसरी प्रत असावी, एकुलती एक नाही. आणि जिवंतपणी एकदा, दिवाळीत पोरं गावी आली की, त्यातल्या एकाला शेजारी बसवून तीच पुसायची आणि परत घालायची तालीम करून घ्या, शे-दोनशे रुपयांच्या वेगळ्या वॉलेटवर. शब्द दाखवायचे नाहीत, रीत दाखवायची.

ज्याच्याकडे पाच-सात हजारांचंच क्रिप्टो आहे त्यानं यातलं काही करू नये. उपकरणालाच तेवढे पैसे जातात. त्याचं एक्सचेंजवर राहू द्या आणि गेलं तर गेलं म्हणा. पण ज्याचे काही लाख अडकलेत त्याला ‘तुला जमणार नाही’ म्हणणाऱ्यांनी एकदा सांगावं की नेमकं काय जमणार नाही. मुळाक्षरं उतरवणं? स्टीलवर ठसा ठोकणं? एखाद्या दुपारी दार लावून बसणं? पडद्यावरचं वाचता आल्याशिवाय बटण न दाबणं? शेवटचं जमलं नाही ते बायबिटच्या सहीदारांना, आणि त्यांच्यातला कुणीही हिर्डोशीचा नव्हता.